जिप्सीच्या रेडिएटरमागे 80 मिलिमीटर जागा असताना पातळ पंखा कसा निवडावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली 2006 सालची मारुती जिप्सी किंग असून तिच्यात 1.3 लिटरचे टर्बो डिझेल इंजिन बसवले आहे आणि नंतर एसीही जोडला आहे. नव्या इंजिनाने पुढची जागा खाल्ल्यामुळे मूळचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढावा लागला, आणि रेडिएटरच्या जाळीची मागची बाजू व इंजिनाची सर्वांत पुढे आलेली पुली यांच्यात जेमतेम 80 मिलिमीटर अंतर उरले. तिथे आपण 12 इंचांचा, खोक्यावर 1550 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 1550 घनफूट हवा, असे छापलेला पातळ विजेचा पंखा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी थेट जाळीला बांधला. महामार्गावर 80च्या वेगाला इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलत नाही, पण माणगावकडून ताम्हिणी चढताना एसी चालू असला की तो वर सरकू लागतो. याहून जास्त सीएफएमचा पातळ पंखा कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे.

इंजिन बदलाची नोंद परिवहन कार्यालयात झालेली आहे असे गृहीत धरून मी केवळ थंडाव्याविषयी लिहितो. पातळ पंखा ही नाइलाजाची वस्तू आहे, हे माझे मत आधीच सांगून टाकतो. दोन जाडीचे पंखे बसत असतील तर जाडच घ्यावा, आणि बसत नसतील तर पंखा शोधण्याआधी जागा शोधावी. आपल्या गाडीत आणखी 15 ते 20 मिलिमीटर जागा निघू शकेल असे मला वाटते. त्याविषयी पुढे लिहितोच.

आपण दिलेल्या लक्षणांवरून एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी ठरते. गाडी साधारण ताशी 50-60 किलोमीटरच्या वर गेली की जाळीतून जाणारी बहुतेक हवा गाडीच्या वेगामुळेच येते आणि पंख्याचा वाटा नगण्य होतो. त्यामुळे जी गाडी महामार्गावर तापते तिला पंखा बदलून काहीही फरक पडत नाही. तिची जाळी आतून चोंदलेली असते, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, अर्धवट उघडत असतो, किंवा पाण्याचा पंप थकलेला असतो. आपली गाडी महामार्गावर थंड राहते आणि कमी वेगात, जास्त ओझ्याखाली तापते. रेडिएटर आणि पंप धडधाकट असून कमतरता हवेची आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. तरीही रेडिएटरची टोपी एकदा दाब लावून तपासून घ्यावी. टोपीने 0.9 बारचा दाब धरला तर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर जातो, आणि ढिली टोपी असेल तर ज्या तापमानाला काहीच व्हायला नको त्या तापमानाला कूलंट उकळून बाहेर येतो. मग दोष मात्र पंख्याच्या माथी बसतो.

आता 1550 या आकड्याकडे येऊ. हा आकडा पंखा मोकळ्या हवेत, समोर काहीही अडथळा नसताना, किती हवा फेकेल ते सांगतो. आपल्या पंख्यासमोर मात्र रेडिएटरची जाळी, तिच्यापुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर आणि त्याच्याही पुढे जिप्सीची लोखंडी जाळी आहे. या सगळ्यांतून कामापुरती हवा ओढायची तर पंख्याला पाण्याच्या 15 मिलिमीटर उंचीच्या आसपासचा, म्हणजे सुमारे 150 पास्कलचा, दाबाचा फरक निर्माण करावा लागतो. ऐकायला हा दाब क्षुल्लक वाटतो, पण स्वस्त पातळ पंख्यांची हवा नेमकी इथेच तुटते. पंखा दाब निर्माण करतो तो पात्यांच्या खोलीतून, त्यांच्या टोकाच्या वेगातून आणि टोके व भोवतालचे कडे यांच्यातली फट किती बारीक आहे त्यावरून. पंखा पातळ करायचा म्हणजे पात्यांची खोली कमी करायची आणि मोटर चपटी करायची. मग दाब घटतो आणि ताकदही घटते. त्यामुळे मोकळ्या हवेत सारख्या दिसणाऱ्या दोन पंख्यांपैकी एक जाळीमागे बसवल्यावर निम्म्याहून अधिक हवा टिकवतो, तर दुसरा जागच्या जागी हवा घुसळत बसतो.

मोकळ्या हवेतला आकडा तरी खरा आहे का, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते आणि प्रत्येक ग्राहकाने ते करावे. 1500 सीएफएम म्हणजे सेकंदाला साधारण 0.7 घनमीटर हवा. 12 इंचांच्या पंख्यातून मधला मोटरचा भाग वजा केला तर हवेला जायला सुमारे 0.06 चौरस मीटर जागा उरते, म्हणजे हवेचा वेग सेकंदाला जवळजवळ 12 मीटर हवा. इतक्या हवेला नुसता हा वेग देण्यासाठीच 55 वॅटच्या आसपास शक्ती लागते. छोटा पंखा आणि त्याची कार्बन ब्रशची मोटर मिळून घेतलेल्या विजेपैकी तिसरा हिस्सा, फार तर 40 टक्के, हवेपर्यंत पोहोचवतात. तेव्हा हा दावा खरा ठरायला मोटरने निदान 140 ते 160 वॅट वीज घेतली पाहिजे. आपल्या पंख्याच्या खोक्यावर त्याच आकड्याशेजारी 80 वॅट असेही छापलेले आहे, असे आपण कळवले आहे. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हा प्रकार. पंखा घेताना दुकानदाराला तो 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवून दाखवायला सांगावे आणि क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे मीटर, लावून प्रवाह पाहावा. 6-7 अँपिअर घेणाऱ्या पंख्याकडून घाटात काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

चांगले उत्पादक एकच आकडा देत नाहीत. इटलीची स्पाल ही कंपनी आपल्या प्रत्येक पंख्यासाठी पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेल्या वेगवेगळ्या दाबांना तो किती हवा देतो आणि किती प्रवाह घेतो, याचा तक्ता प्रसिद्ध करते. त्या तक्त्यातली शून्य दाबाची ओळ झाकून ठेवावी आणि 10 ते 15 मिलिमीटरच्या ओळी वाचाव्यात. ज्या पंख्याचा असा तक्ता मिळतच नाही, त्याचा खोक्यावरचा आकडा मी हिशेबात धरत नाही. स्पालच्याच क्रमांकांत शेवटी येणारे इंग्रजी अक्षरही पाहून घ्यावे: ‘ए’ असेल तर तो जाळीमागून हवा ओढणारा पंखा आणि ‘एस’ असेल तर पुढून ढकलणारा. इटालियन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, पण इंग्रजीच्या सवयीने ‘एस’ म्हणजे ‘सक्शन’ समजून उलटा पंखा मागवणारे मी पाहिले आहेत. तारा उलट्या जोडून मोटर उलटी फिरवता येते हे खरे. मात्र पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असल्यामुळे हवा बरीच कमी मिळते.

आपल्या गाडीला हवा लागते तरी किती, याचा अंदाज बांधू. माणसे आणि सामान धरून 1400 किलोची गाडी बारास एक अशा चढावर ताशी 20 किलोमीटरने जात असेल, तर चढण्यासाठी सव्वासहा किलोवॅट आणि चाकांच्या घर्षणासाठी दीडेक किलोवॅट लागतात. गिअर आणि डिफरन्शिअलमधला व्यय व एसीचा कॉम्प्रेसर मिळवला की इंजिनाला 12 किलोवॅटच्या आसपास शक्ती द्यावी लागते, आणि ढोबळ मानाने तितकीच, किंवा थोडी कमी, उष्णता कूलंटमध्ये जाते. रेडिएटरला 10 ते 12 किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची आहे असे धरून चालू. आता जाळीचे माप. आपण दिलेल्या मापाप्रमाणे ती 430 बाय 400 मिलिमीटर, म्हणजे 0.172 चौरस मीटर आहे. तिच्यावर सर्वत्र सेकंदाला 2.4 मीटर वेगाने हवा वाहिली तर सेकंदाला सुमारे 0.41 घनमीटर, म्हणजे 875 सीएफएम, खरी हवा मिळते. कंडेन्सरने आधीच तापवलेली हवा रेडिएटरमध्ये आणखी 30 अंशांनी तापेल असे धरले, तर ती 13 किलोवॅटहून थोडी जास्त उष्णता घेऊन जाईल. काम भागेल, पण फार शिल्लक राहणार नाही. मे महिन्यातल्या घाटासाठी आपले लक्ष्य हेच ठेवावे: जाळीवर सरासरी अडीच मीटर.

अशाच एका जिप्सीवर मी पाती असलेला साधा ॲनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजणारे यंत्र, घेऊन जाळीचे नऊ चौकोन कल्पून मोजमाप केले होते. पंखा 12 इंचांचा, आपल्यासारखाच थेट जाळीला बांधलेला. मधल्या चौकोनात साडेतीन मीटर, बाजूच्या चार चौकोनांत एक ते दीड, आणि चारही कोपऱ्यांत 0.3 ते 0.4. सरासरी जेमतेम 1.1 मीटर, म्हणजे सुमारे 400 सीएफएम. त्या पंख्याच्या खोक्यावर 1500 छापले होते. ॲनिमोमीटर नसेल तर वर्तमानपत्राचे एक पान घ्यावे, पंखा चालू करून ते पुढच्या जाळीवर ठेवावे आणि हात सोडावा. निरोगी व्यवस्थेत कागद चारही कोपऱ्यांसह चिकटून राहतो. त्या जिप्सीवर कागद मध्यभागी चिकटला आणि त्याचे चारही कोपरे पुढे लोंबत राहिले. गाडीच्या मालकाला समजावून सांगायला त्यानंतर एक शब्दही लागला नाही.

कोपरे का लोंबले, याचे कारण काऊल, म्हणजे जाळी आणि पंखा यांच्यातली जागा बंद करून सगळी हवा पंख्याकडे वळवणारे पत्र्याचे आवरण, नव्हती. 12 इंचांचे वर्तुळ आपल्या जाळीचा 42 टक्के भाग झाकते. उरलेल्या 58 टक्क्यांतून पंखा हवा ओढेल तरी कशी? जाळीच्या पूर्ण मापाची, चारही बाजूंनी फोमची पट्टी लावून हवाबंद केलेली काऊल बनवून घ्यावी आणि पंखा तिच्यात बसवावा. जाळी आणि काऊलचा मागचा पत्रा यांच्यात निदान 20 मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे कोपऱ्यातल्या हवेला आडवी वाहून पंख्यापर्यंत यायला वाट मिळते. याहून कमी अंतर ठेवले तर काऊल असून नसल्यासारखी होते. पूर्ण काऊलचा एक तोटा असा की महामार्गावर तीच हवेची वाट अडवते. म्हणून मागच्या पत्र्यात तीन-चार भोके पाडून त्यांवर मागच्या बाजूने रबराचे पडदे लावतात. वेगात हवेने ते उघडतात आणि पंखा ओढू लागला की पत्र्याला चिकटून बंद होतात. जुन्या ट्यूबचे रबर यासाठी चालते. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून एखादा चांगला पत्र्याचे काम करणारा ही काऊल एका दिवसात करून देतो. नुसती काऊल लावल्यावर त्याच गाडीत, त्याच पंख्यावर, सरासरी 1.1 वरून 1.6 मीटरवर गेली. पंखा बदलण्याआधी हा खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मग 80 मिलिमीटरचा हिशेब कसा बसवायचा? काऊलचे 20 मिलिमीटर आणि पुलीपासून सोडायचे 20 मिलिमीटर वजा केले की पंख्याला 40 उरतात आणि पातळ पंखाही 52 ते 65 मिलिमीटर जाड असतो. पुलीपासूनच्या अंतरात काटकसर करू नये, कारण जोरात ब्रेक लावला किंवा खड्ड्यात गाडी आपटली की इंजिन रबरी माउंटिंगवर पुढे झुकते. मात्र पंखा सगळीकडे सारखा जाड नसतो. जाड असते ती मधली मोटर. कडेला तो 35-40 मिलिमीटरच असतो. पंख्याचा मध्य जाळीच्या मध्यावरच हवा, असा काही नियम नाही. काऊल असेल तर पंखा एका बाजूला आणि थोडा वर सरकवून मोटर पुलीच्या समोरून बाजूला घेता येते, आणि पुलीसमोर फक्त कडेचा पातळ भाग येतो. दुसरे म्हणजे जिप्सीत रेडिएटर आणि पुढची लोखंडी जाळी यांच्यात सहसा थोडी जागा असते. कंडेन्सरच्या पट्ट्या नव्याने बनवून आणि रेडिएटरचे ब्रॅकेट बदलून सगळा संच 15-20 मिलिमीटर पुढे नेता येतो का, ते टेपने मोजून पाहावे. होजपाइप ताणले जाणार नाहीत आणि कंडेन्सर रेडिएटरला टेकणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

ही जागा निघाली तर माझी निवड 14 इंचांचा, 150 वॅटच्या वरचा, मोटरपाशी 65 मिलिमीटरपर्यंत जाड असा एकच पंखा ही राहील. तो जाळीचा जवळजवळ 58 टक्के भाग झाकतो आणि त्याचे बाहेरचे कडे 400 मिलिमीटरच्या उंचीत बसते. फक्त कड्याचे माप विकत घेण्याआधी मोजून घ्यावे, कारण 14 इंच हे पात्यांचे माप असते. दोन छोटे पंखे लावावेत असे आपल्याला कोणीतरी सुचवले आहे. रुंद आणि बुटक्या जाळीसाठी ती सूचना उत्तम आहे. आपली जाळी जवळजवळ चौकोनी आहे. तिच्यात शेजारी-शेजारी 8 इंचांचेच दोन पंखे बसतील आणि त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ 12 इंचांच्या एका पंख्याहूनही कमी भरेल. सरळ पाती की वाकडी, हा प्रश्न प्रामुख्याने आवाजाचा आहे. वाकडी पाती कमी ओरडतात. कंडेन्सरच्या पुढे आणखी एक ढकलणारा पंखा लावण्याच्या फंदात पडू नये, कारण महामार्गावर तोच हवेच्या वाटेत उभा राहतो आणि आज जी गाडी 80ला थंड आहे ती तिथेही तापायला लागेल.

नवा पंखा न घेता कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून एखाद्या मोठ्या डिझेल गाडीचा मूळ पंखा काऊलसकट आणणे, हाही मार्ग आहे आणि जागा असेल तर तो पहिल्या क्रमांकाचा आहे. कारखान्यातून आलेला पंखा त्याच कामासाठी तपासलेला असतो, त्याची काऊल सोबत येते आणि मोटर वर्षानुवर्षे टिकते. फक्त त्याची जाडी बहुधा 90 मिलिमीटरच्या पुढे जाते आणि आपली अडचण तिथेच आहे.

पंखा जाळीला बांधण्यासाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आजच काढून टाकाव्यात. मी स्वतः हा आळस एकदा केला आहे. तीन महिने सगळे सुरळीत चालले, आणि मग एका सकाळी बॉनेट उघडल्यावर जाळीवर हिरवा ओघळ दिसला. खराब रस्त्यावर पंख्याचे वजन त्या चार पट्ट्यांवर डुलत राहिले होते, पट्टीच्या डोक्याने रेडिएटरच्या जाळीची पातळ पाती दाबून सपाट केली होती आणि त्याखालची नळी घासून घासून केसाएवढी चिरली होती. पंख्याचे वजन काऊलने घ्यावे आणि काऊलचे वजन रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांनी घ्यावे. जाळीवर कशाचेही ओझे नको.

विजेची जोडणी हा पंख्याच्या निवडीचाच भाग आहे, कारण पंख्याचे आकडे 13 व्होल्टच्या आसपास मोजलेले असतात. 15 अँपिअरचा पंखा दीड चौरस मिलिमीटरच्या तारेने जोडला आणि जाऊन-येऊन तार 6 मीटर भरली, तर एक व्होल्ट तारेतच जातो. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच ऱ्हास 0.4 व्होल्ट होतो. त्यात जुने अर्थिंग आणि गंजलेले टर्मिनल मिळून पंख्यापाशी 13.5ऐवजी 11.8 व्होल्ट पोहोचले, तर फेरे साधारण 13 टक्क्यांनी घटतात आणि दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्क्यांनी, कमी होतो. बॅटरीवरून थेट, 30 अँपिअरचा फ्यूज आणि 40 अँपिअरचा रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घालून तार आणावी आणि उणे टोक चेसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी बोल्टने बांधावे. पंखा पूर्ण चालू असताना त्याच्याच टर्मिनलवर मीटर लावून पाहावे. त्याच वेळी हेडलाइट आणि ब्लोअरही चालू ठेवून बॅटरीवर निदान साडेतेरा व्होल्ट राहतात की नाही तेही बघावे. राहत नसतील तर पंख्याआधी अल्टरनेटरचा विचार करावा लागेल.

रिलेच्या कॉइलला वीज चावीच्या लाइनवरून देताना एक खोड लक्षात ठेवावी. गाडी थांबवून चावी बंद केली तरी फिरता पंखा स्वतः जनरेटर होऊन काही क्षण वीज निर्माण करतो. जोडणी चुकली असेल तर ती वीज रिलेला धरून ठेवते आणि चावीच्या लाइनमध्ये उलटी शिरते. मग चावी काढल्यावरही इंजिन क्षणभर चालूच राहते. पंख्याची मोठी तार आणि चावीची लाइन कुठेही एकत्र येऊ दिली नाही की हा भुताटकीचा प्रकार होत नाही.

तापमानाचा स्विच थर्मोस्टॅटला धरून निवडावा. थर्मोस्टॅट 88 अंशांना उघडू लागत असेल तर पंखा 95च्या आसपास सुरू व्हावा आणि 90ला थांबावा. 85चा स्विच लावल्यास पंखा दिवसभर फिरत राहतो, इंजिन काही त्यामुळे अधिक थंड होत नाही आणि ब्रश मात्र झिजतात. इंजिनासोबत त्याचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, हाही घेतला असेल तर पंख्याच्या रिलेसाठी त्यातून निघणारी तार वापरणे सर्वांत चांगले. एसी चालू होताच पंखा चालू झाला पाहिजे, कूलंट कितीही थंड असो.

जिप्सी घेणारा माणूस कधी ना कधी तिला पाण्यात घालतोच, म्हणून एवढे आणखी. फिरत्या पंख्याची पाती पाण्यात शिरली की ती पुढे वाकतात आणि पंखा जाळीजवळ असेल तर सरळ जाळीत घुसतात. ते टळले तरी मोटर अडकून फ्यूज जातो आणि ओढ्याच्या पलीकडे पोहोचल्यावर पंखा बंद असल्याचे काटा वर गेल्यावरच कळते. मोटर पाण्यापासून बंदिस्त असलेलीच घ्यावी, आणि डॅशबोर्डवर पंखा तात्पुरता बंद करणारा एक स्विच बसवावा, त्याच्याशेजारी तो बंद असताना पेटणारा लाल दिवा असावा. पावसाळ्यानंतर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून पाहावे. तिथे चिखल आणि गवताच्या काड्यांचा थर बसतो, तो बाहेरून दिसत नाही, आणि काढायचा तर कंडेन्सर पुढे झुकवून मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवावा लागतो. आपण काऊल बनवायला रेडिएटर खाली काढणारच आहात, तेव्हा त्याच दिवशी हे काम उरकून घ्यावे आणि मगच कागदाची परीक्षा घेऊन कोणत्या कोपऱ्यात तो सुटतो ते मला कळवावे.